एक जूनचा दिनविशेष

दिनविशेष कोण लिहितं, हे वाचणाऱ्याला कधी ठाऊक नसतं. चौथ्या पानावर वर पंचांग, खाली राशिभविष्य, आणि त्या दोघांच्या मध्ये आठ ओळींची एक चौकट: आज कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं. जळगावच्या एका दैनिकात मी सहा वर्षं ती चौकट भरली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या गमती लिहा" असं कळवलं. गमती आहेत, त्या लिहितो. पण एक जूनच्या एका मजकुराबद्दल मला जे सांगायचं आहे ती गंमत नाही, आणि ते सांगायचं नसतं तर मी हा लेख लिहायला घेतला नसता. माझं वय आठवणी लिहिण्याचं नाही. चूक कबूल करायला मात्र वयाची अट नसावी.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. माझ्याकडे तीनशे सहासष्ट पानांची एक जाड वही होती. प्रत्येक तारखेला एक पान. जुनी कॅलेंडरं, वाचनालयातले कोश, वार्षिक अंक, दुसऱ्या वर्तमानपत्रांची कात्रणं, जिथे म्हणून तारीख सापडेल तिथून ती त्या त्या पानावर उतरवायची. आठ दिवस आधी मजकूर कंपोझिंगला द्यायचा. नेम ठरलेला: दोन जन्म, दोन मृत्यू, एक घटना. त्यापेक्षा जास्त थोर माणसं एकाच दिवशी जन्मली असतील तर काहींना त्या वर्षी जन्म मिळत नसे. मी आधी जन्म लिहायचो, मग घटना. मृत्यू शेवटी, जागा उरेल तसे.

हे काम माझ्याकडे आलं ते शिक्षा म्हणून. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील जिनिंग कारखान्यात होते आणि सभा कुणाचीही असो, कामगारांची किंवा आपल्या समाजाची, पत्रकं वाटायला तेच पुढे. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची ती पत्रकं घरात खळीच्या डब्याशेजारी थप्पीनं असायची. मी अक्षरं त्यांवरच शिकलो. "बंधू-भगिनींनो, जागे व्हा!" हे मला बाराखडीच्या आधी वाचता येत होतं. पत्रकाचा एक गुण असतो. त्यात शंका नसते. अन्याय कोणी केला, कोणावर केला आणि उद्या किती वाजता कुठे जमायचं, सगळं स्पष्ट. मी वार्ताहर झालो तेव्हा बातम्याही तशाच लिहायला लागलो. वृत्तसंपादक नाना पाटील यांनी तीन महिने सहन केलं आणि मग मला चौथ्या पानावर नेऊन बसवलं.

"इथे तुझा कुणाशी तंटा होणार नाही," ते म्हणाले. "मेलेली माणसं नोटीस पाठवत नाहीत."

"त्यांचे वारस पाठवतात, नाना."

"पाठवू देत. तू फक्त तारीख बरोबर लिही."

तंटा पहिल्या वर्षीच झाला. सहा डिसेंबरच्या पानासाठी माझ्या आधीच्या माणसानं दोन राजे आणि एक परदेशी शोध काढून ठेवला होता. ज्या दिवशी आमच्या वस्तीतल्या एकाही घरात चूल नीट पेटत नाही, त्या दिवसाचा विशेष म्हणजे एक परदेशी शोध! मी चौकट फाडली आणि आठही ओळी एकाच माणसाला दिल्या. नानांनी प्रूफ पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "राहू दे. हे आधीच व्हायला हवं होतं." त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की ही चौकट म्हणजे रोज निघणारं माझं पत्रक आहे.

लोकही तिच्याकडे तसेच पाहत. नवीपेठेतले एक कापड व्यापारी दर वर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला येऊन बसत. "त्या थोर लोकांच्या बरोबरीनं नको हो, एक ओळ खाली टाका," असं हात जोडून म्हणत. जाहिरात विभागात जा म्हटलं की रागावत: "जाहिरातीत काय कोणीही मरतं." एका पुढाऱ्याचा माणूस साहेबांच्या वाढदिवसाची चिठ्ठी घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, साहेबांना आधी जाऊ द्या, मग इतिहास ठरवेल. तो चिठ्ठी तशीच टेबलावर सोडून निघून गेला.

पण चौकटीचे खरे वाचक शाळा होत्या. खान्देशातल्या शाळांत सकाळी परिपाठाच्या वेळी दिनविशेष वाचतात, फळ्यावर लिहितात. बऱ्याच गावांत तो आमच्या अंकातून उतरवला जायचा. एकदा मी एका समाजसुधारकाचं जन्मवर्ष चुकवलं. चौथ्या दिवशी नशिराबादहून पोस्टकार्ड आलं: "आपली चूक आमच्या फळ्यावरून पुसली. मुलांच्या वह्यांतून कशी पुसावी ते कळवावे." खाली सही, निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते गुरुजी त्यानंतर महिन्याला दोन तरी पोस्टकार्डं पाठवत. सुरुवातीला मला राग यायचा. मग सवय झाली, आणि पुढे अडलं की मीच त्यांना पत्र टाकायला लागलो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी धुळ्याकडच्या खेड्यांत काढली होती, सोनगीरच्या आसपास. आता मुलाकडे नशिराबादला राहत.

एकदा मे महिन्यात ते छत्री घेऊन कचेरीतच आले. बोलता बोलता मी वहीचं एक जूनचं पान उघडलं. गुरुजी हसले. "या पानावर जागा पुरायची नाही तुम्हाला. अर्धा खान्देश एक जूनला जन्मलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्यासारख्यांनी जन्माला घातलाय." मग त्यांनी सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडायची. पोर दारात यायचं, दाखला नाही, तारीख नाही. "उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर म्हणायचं. कान हाताला लागला की पोर शाळेच्या वयाचं. आणि जन्मतारीख एक जून. मी शेकड्यांनी लिहिल्या असतील."

"गुरुजी, तुम्ही त्यांचा जन्मदिवस ठरवलात?"

"मी शाळेचा दिवस ठरवला, भाऊ. जन्म त्यांना आधीच झालेला होता. आणि वर्ष मी मनानं लिहिलं नाही कधी. ते आईला विचारायचो. बाप अंदाज सांगतो."

शेवटची तीन वाक्यं मी टिपून घेतली नाहीत. माझ्या डोक्यात पत्रक छापायला सुरुवात झाली होती. राजांचे जन्म तिथी-घटका-पळांसकट नोंदलेले, आणि आमच्या माणसांना मास्तरनं एकाच दिवशी जन्माला घालून मोकळं व्हायचं? ज्यांची जमीन नाही, ज्यांना पाणवठा नव्हता, त्यांच्याकडून वाढदिवससुद्धा काढून घेतला! मी नानांकडे अर्धं पान मागितलं. एक जूनला चौकट नको, लेख. आणि त्यात निदान एका माणसाची खरी तारीख शोधून छापायची.

माणूस शोधावा लागला नाही. कॉलेजची तीन वर्षं मी धुळ्यात मागासवर्गीय मुलांच्या एका वसतिगृहात काढली. तिथे उखर्डूभाऊ स्वयंपाकी होते. उडदाची डाळ आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सुटीत घरी न जाणाऱ्या मुलांना पाहून ते स्वतःच्या पिठातून दोन भाकरी जास्त थापत. स्वयंपाकघरामागची एक खोली त्यांना राहायला होती, तिथे ते आणि त्यांची म्हातारी आई. तिला आम्ही सगळे मायच म्हणायचो. बायको गेलेली, मुलगी नर्सिंगला होती. मी लेख लिहीत होतो तेव्हा भाऊंच्या नोकरीची अजून चार वर्षं होती आणि तेवढ्यात मुलीचं शिक्षण संपून ती नोकरीला लागली असती. भेटायला गेलो की ही वर्षं भाऊंच्या तोंडी असायची. शाळेच्या दाखल्यावर त्यांची तारीख होती एक जून. आणि त्यांचं गाव सोनगीरजवळचं, म्हणजे त्यांना शाळेत घालणारे आमचे गुरुजीच.

मी एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.नं धुळ्याला गेलो. पोळपाटासमोर बसूनच भाऊंना सांगितलं, "भाऊ, तुमची खरी जन्मतारीख शोधून काढतो. पेपरात छापतो."

ते भाकरी परतत हसले. "मी कव्हय जल्मनू ते माले काय ठाऊक? मायले ईचार ना, भो."

माय ओट्यावर लसूण निवडत होती, माझ्यापासून दहा हातांवर. पण मला पुरावा हवा होता. लिहिलेला, शिक्क्याचा. म्हातारीच्या आठवणीवर लेख उभा करणं मला कच्चं काम वाटलं. मी म्हटलं, "मायला काय विचारायचं? मी कचेरीत जातो."

"जाय. नाव येई ना पेपरमा? मंग छापी टाक."

पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही ठेवायचा. त्या वह्या तालुक्याच्या कचेरीत फडक्यात बांधून असतात आणि त्या काळच्या मोडीत लिहिलेल्या. मोडी मला येत नव्हती. कचेरीच्या आवारात निंबाखाली एक म्हातारे कारकून अर्ज लिहून द्यायला बसत, त्यांना लोक आबा म्हणत, त्यांना मी आत नेलं. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सापडलं. भाऊंच्या वडिलांचं नाव, जात, आणि पुढे: "मुलगा झाला." मुलाचं नाव नाही. त्या वहीत बारशाच्या आधीच नोंद होई, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नावाचा रकाना कोराच. शाळेच्या दाखल्यावरच्या वर्षापेक्षा ही तारीख चार वर्षं आधीची होती.

मी तिथेच उडी मारली असती. आबांनी पान उलटलं. "जन्म झाले. मृत्यू वाचू का पुढचे?"

"नको, आबा. मला जन्मच हवेत. पारोळ्याची गाडी सुटेल."

ही तारीख मी इथे लिहीत नाही. एकदा छापली तेवढी पुरे.

लेखाचा मथळा होता 'चोरलेले वाढदिवस'. गुरुजींचं नाव घातलं नाही, पण 'सोनगीर भागातले एक शिक्षक, हल्ली मुक्काम नशिराबाद' असं लिहिलं. नाव घालायचं बाकी काय राहिलं? त्यांनीच मला विश्वासानं सांगितलेलं त्यांच्यावर उलटवलं. "या मास्तरांनी शेकडो खोट्या तारखा लिहिल्या," हे वाक्य माझंच. मग उखर्डूभाऊ, नावासकट, वसतिगृहाच्या उल्लेखासकट, खऱ्या तारखेसकट, आणि ती कचेरीतल्या कोणत्या वहीत आहे त्याच्यासकट. शेवटी नावावर एक परिच्छेद. उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा. समाजानं या माणसाची तारीख तर घेतलीच, वर त्याच्या कपाळी उकिरडा लिहिला, अशा अर्थाचं काहीतरी.

नानांनी प्रूफवर तिथे खूण केली. "माझ्या मोठ्या काकांचं नाव उखर्डू होतं. आमच्या पाटलांत. हे समाजानं लिहिलेलं नाव नाही रे."

"नाना, तुमच्याकडे ते हौसेनं असेल."

"हौसेनं कोणी पोराला उकिरडा म्हणतं का?" ते म्हणाले. मी काही ऐकून घेत नाही असं दिसल्यावर त्यांनी खूण खोडली. "तुझ्या नावाखाली जाऊ दे मग."

लेख गाजला. शाळांतून पत्रं आली, एक-दोन सभांत तो वाचला गेला. वडिलांनी तो खळीनं भिंतीवर चिकटवला, पत्रकांच्या रांगेत. नशिराबादहून पोस्टकार्ड आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

सप्टेंबरमध्ये भाऊंचा निरोप आला, ये. गेलो तर त्यांनी एक सरकारी कागद पुढे केला. मी वाचत होतो आणि ते तवा घासत होते. कुणीतरी माझ्या लेखाचं कात्रण लावून अर्ज केला होता. कोणी, ते पुढे मला कळलं, पण कात्रण कोणाचं होतं यापुढे त्याला काही महत्त्व नाही. खात्यानं कोतवालाच्या वहीतला उतारा मागवला. वही कुठली, ते मीच छापलेलं होतं. उताऱ्याप्रमाणे भाऊंचं निवृत्तीचं वय नुकतंच होऊन गेलेलं. खोटी जन्मतारीख देऊन नोकरी केली, खुलासा करा.

"भो," ते म्हणाले, "तू ते माले एका दिवसमा चार वरीस म्हातारा करी टाकं." आणि हसले. मला ते हसणं अजून सोसत नाही.

मग मी काय केलं? जे मला येतं ते. पत्रक काढलं. गुलाबी कागद. 'गरीब स्वयंपाक्यावर अन्याय, अधिकाऱ्याचा धिक्कार असो.' वसतिगृहाची मुलं आणि दहा-बारा कार्यकर्ते घेऊन खात्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. अधिकाऱ्यानं मला एकट्याला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं माझंच कात्रण काचेखालून काढून टेबलावर ठेवलं. "तुम्ही बाहेर म्हणताय अन्याय. इथे लिहिलंय, ही त्यांची खरी तारीख. मी दोन्हींपैकी कोणतं खरं धरू? पुरावा तर तुम्हीच आणलात."

मी बाहेर आलो. मुलं घोषणा देत होती. मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही.

संध्याकाळी खोलीत माय भिंतीला टेकून बसली होती. भाऊ मुलांना वाढायला गेले होते. तिनं मला विचारलं, काय झालं. खोली सोडावी लागेल हे सांगायला शब्द मिळेनात म्हणून मी कागदात काय आहे ते सांगत बसलो. कोतवालाच्या वहीत अमक्या वर्षी तुला मुलगा झाला असं लिहिलं आहे, म्हणून भाऊंचं वय जास्त धरलं.

माय म्हणाली, "तो हाऊ नही."

"तो हा नाही? म्हणजे?"

"तो मोठा. वरीस भरना नही, मरी गया. मंग हाऊ व्हयना." तिचा आवाज अगदी सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "हाऊले मी उखर्डावर ठी दिन्हा. सुईननी उचलीसन आना. मंग जगना. म्हनीसन नाव उखर्डू."

खान्देशात जन्मलेला मी. माझ्या स्वतःच्या गावात धोंडू आणि दगडू आहेत. आधीची मुलं दगावली की पुढच्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलतात, टाकाऊ नाव देतात, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या नावातच लिहिलेलं होतं की याच्याआधी एक गेला आहे. आणि मी त्या नावावर परिच्छेद लिहिला होता.

"मग भाऊंची नोंद? कोतवालाकडे?"

"मोठाले लिखं व्हतं," माय म्हणाली. "तो गया. हाऊले मी लिखू दिन्हा नही."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मी निंबाखाली उभा होतो. आबांनी वही सोडली, पुढच्या साली, मृत्यूच्या पानांवर बोट फिरवलं. फार पुढे जावं लागलं नाही. तेच बापाचं नाव. "मुलगा, वय महिने अकरा. ताप." आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी दोन पानं अजून वाचली असती तर पुढची गाडी मिळाली असती तुम्हाला."

उतारा घेतला. पण खात्याला तो पुरणार नाही हे मलाही दिसत होतं. एक मुलगा झाला, एक मुलगा गेला, दोघांनाही नाव नाही. गेला तो हाच, हे सांगणारं कोणीतरी हवं. भाऊंना शाळेत घालताना वर्ष आईला विचारून लिहिलं, असं शपथेवर सांगू शकेल असा एकच माणूस होता.

नशिराबादला गुरुजींच्या ओट्यावर मी बराच वेळ उभा होतो. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सुनेनं पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. उखर्डू म्हटल्यावर त्यांना आठवलं. "त्याची आई आली होती घेऊन. माझा पहिला गेला, हा त्याच्यानंतर तीन पावसाळ्यांनी, असं म्हणाली. मी बोटांवर मोजून वर्ष लिहिलं. महिना-दोन महिने इकडेतिकडे असतील. वर्ष बरोबर आहे."

"गुरुजी, हे तुम्ही येऊन सांगाल?"

"येईन की. पण मी उभा राहिलो की साहेब तुमचा लेख माझ्यापुढे ठेवेल. त्यात छापलंय, मी शेकडो खोट्या तारखा लिहिल्या. मग माझ्या साक्षीला किंमत काय, सांगा बरं?"

मी म्हटलं, "मी चुकलो, गुरुजी."

"तुमच्या पेपरात चूक सुधारायची पद्धत आहे ना? दोन ओळींची?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

त्या दोन ओळी नानांनी छापल्या, चौथ्या पानावर. तारीख चुकली की दुरुस्ती द्यायची हा नियमच होता. पण लेख अर्ध्या पानाचा होता आणि दुरुस्ती दोन ओळींची, आणि दुरुस्तीचं कात्रण कोणी जपून ठेवत नाही.

गुरुजी आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, एस.टी.नं, छत्री घेऊन. अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि झालं ते नेमकं ते म्हणाले होते तसंच. "गुरुजी, तुम्ही एक जून लिहिलीत ती तारीख खरी होती का?" नव्हती. "मग वर्ष खरं कशावरून?" आईनं सांगितलं. मायला विचारलं, तिनं सांगितलं. साहेब म्हणाला, म्हातारीचं मी समजू शकतो, पण दुसऱ्या मुलाच्या जन्माची नोंद कुठे आहे? नाही. म्हणजे कागदावर एकच मुलगा जन्मलेला.

"आणि तो मेलेला," मी ओरडलो.

"तोच मेला कशावरून? त्या गावात याच नावाचे दोन बाप असतील."

भाऊ दाराशी उभे होते. म्हणाले, "साहेब, मी जित्ता शे ना." कचेरीतले दोघे कारकून हसले. साहेब हसला नाही. त्यानं मान खाली घालून लिहायला घेतलं.

हुकूम कायम राहिला. वर दाद मागता आली असती, मी वकीलही बघितला. भाऊंनी नको म्हटलं. "बस व्हयनं, भो. मायले कितलांदाव सांगाले लावशीत?" कचेरीत उभं राहून आपलं पहिलं मूल मेलं हे शाबीत करायला मायला एकदा लावलं होतं. पुन्हा लावायची त्यांची तयारी नव्हती. पंधरा दिवसांत खोली सोडली आणि दोघं गावी गेली. मुलीला नर्सिंग अर्ध्यावर सोडावं लागलं. ती आता शिरपूरला एका दवाखान्यात आयाचं काम करते. मी पाठवलेलं काही तिनं घेतलं नाही. तिचा राग रास्त आहे, तिनं तो सोडू नये.

मी त्यानंतर दोन वर्षं दिनविशेष लिहीत होतो. आधी मृत्यू वाचायला लागलो. चौकट भरताना हात धीमा झाला, नाना म्हणायचे, आता कुठे तू कामाचा झालास. पत्रकं लिहिणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. अन्याय आहेत आणि ते ओरडूनच सांगावे लागतात. पण ज्याच्या वतीनं ओरडतो त्याच्या ओट्यावर आधी बसावं, लसूण निवडून होईस्तोवर बसावं, एवढं मला त्या घरानं शिकवलं. फार महाग शिकवणी पडली, आणि ती भरली त्यांनी.

गावी मी गेलो तो पुढच्या उन्हाळ्यात. धीर व्हायला तेवढा वेळ लागला. भाऊ सोनगीरला एका लग्नाच्या स्वयंपाकाला गेले होते. माय खाटेवर होती, दृष्टी अधू झालेली. आवाजावरून ओळखलं. बस म्हणाली. मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं ती अर्ध्यात तोडली.

"तू त्या कागदमा दखं व्हतं ना? मोठा कोन्ता दिनले गया?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. मूल गेलं तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची असेल. पेरणीचे दिवस होते एवढंच तिला आठवत होतं. दिवस तिला कोणी कधी सांगितला नव्हता. कोतवालानं लिहिला, आबांनी वाचला, साहेबानं पाहिला. मायला कोणीच सांगितला नाही.

मी तारीख सांगितली. महिना, वार, साल. तिनं ती दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतली आणि मग स्वतः म्हटली, हळू, चुकू नये म्हणून. थोड्या वेळानं म्हणाली, "तू तं पेपरमा रोज लिखस ना, कोन्ता दिनले काय व्हयनं. त्या दिनले आखो काय व्हयनं व्हतं रे?"

त्या तारखेचं पान मला पाठ होतं. एक सेनापती, एक गणिती, एक तह आणि एक पूल.

"काही नाही, माय," मी म्हणालो. "त्या दिवशी दुसरं काहीच झालं नाही."